सारखंच बटण

मापात फरक दिसला की तिथल्या तिथं आवाज करायचा, हे मी संघटनेत शिकले. रेशनच्या काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी स्वतःच्या हाताने उपटून काढलेलं आहे. साहेबासमोर कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला दाराबाहेर उकिडवं बसावं लागतं, यावर पत्रक काढून घोडेगावच्या एसटी स्टँडवर डोंगराकडे जाणाऱ्या गाड्यांत चढून वाटलेलं आहे. माझ्या पत्रकांत प्रश्नचिन्हं कमी आणि उद्गारचिन्हं जास्त असतात, अशी आमच्यातलीच माणसं थट्टा करतात. करू देत. लोकांना गोडीत सांगून काही मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं आधी सांगते, कारण त्या दिवशी दाताच्या दवाखान्यात मी जे केलं ते याच सवयीने केलं. आणि त्या दिवसाची आठवण आली की आजही माझे कान तापतात.

माझं घर निमगाव सावाचं. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरणारं. आता आमची शेती आहे, आणि आईच्या हट्टापायी राहिलेली थोडी मेंढरं आहेत. मी संघटनेच्या कामासाठी घोडेगावला खोली घेऊन राहते. गेल्या उन्हाळ्यात घरी गेले तर आईच्या हनुवटीवर फोड. हळद लावलेली. "गरमीचं हाय," म्हणाली. पुढच्या खेपेला गेले तरी फोड तिथंच. फुटायचा, पू यायचा, सुकायचा, पुन्हा भरून यायचा. खालचा एक पुढचा दातही काळवंडून किंचित हलत होता. आई बोलताना पदर तोंडावर धरायला लागली होती.

ती कशाला घाबरत होती, हे मला कळत होतं. आमच्या भावकीतली एक चुलती जबड्याच्या कॅन्सरने गेली. ती आणि आई, दोघी जावा, रोज सकाळी ओट्यावर बसून एकाच डबीतली मिश्री, भाजलेल्या तंबाखूची पूड, दाताला घासायच्या. चुलतीलाही आधी फोडच आला होता, असं आई म्हणायची. कॅन्सर हा शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही. "ती गाठ" म्हणायची, तेही इकडंतिकडं बघून.

घोडेगावात एका संस्थेचा दाताचा दवाखाना तेव्हा आठवड्यातून एकदा भरायचा. मी आईला घेऊन आले. नारायणगाव, मंचर, दोन गाड्या बदलून.

दवाखान्याच्या ओट्यावर डोंगरातल्या बायका बसल्या होत्या, आणि भिंतीकडेच्या एकुलत्या एका खुर्चीत पिंपळवंडीचे एक बागायतदार. लेकीच्या सासरी आले होते, तिथं दाढ ठणकली म्हणून इकडं आलेले. अंगाने असे की खुर्ची त्यांच्याखाली दिसत नव्हती. गाल धरूनसुद्धा त्यांची बडबड चालू होती.

"काय पोरी, ती पत्रकं वाटतीस ती तूच का?" ते म्हणाले. "लई तिखट लिहितीस राव! माझी दाढ तुझं वाचूनच ठणकाया लागली."

ओटा हसला. मी हसले नाही. खुर्ची एकच का आणि ती यांनाच का, हे माझ्या डोक्यात आधीच सुरू झालं होतं. खरं तर ते गुडघे धरून लंगडत आले तेव्हा एका बाईनेच त्यांना ती सरकवून दिली होती. मी ते पाहिलं होतं, तरी हिशेबात धरलं नाही.

आत डॉक्टरीणबाई एकट्याच. तरुण, माझ्याहून थोड्याच मोठ्या, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. एक्स-रेचं मशीन भिंतीवर, लांब हाताचं. त्याची बटणांची पेटी मात्र दाराबाहेर बसवलेली, म्हणजे बटण दाबताना डॉक्टर बाहेर. त्यामुळे ओट्यावरून सगळ्यांना ती पेटी दिसायची. तिच्यावर दातांची चित्रं होती आणि माणसाच्या दोन आकृत्या होत्या, एक धिप्पाड आणि एक लहानखुरी, आणि वर छोट्या काचेत उजळणारा आकडा. बागायतदारांच्या वेळी बाईंनी दाढेचं चित्र दाबलं, धिप्पाड आकृती दाबली, आणि मग मुख्य बटण. पीं करून लांबलचक आवाज आला.

मग आईचा नंबर. आधी तपासणी. बाईंनी विचारलं, "मिश्री लावता का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मिश्रीविरुद्धही माझं एक पत्रक आहे. "न्हाई वं बाई," ती म्हणाली.

तिचे दात कोळशासारखे काळे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कॅलेंडरकडे पाहायला लागले. गरिबाच्या इज्जतीवर मी माईक धरून बोलते, आणि माझ्या आईचं तोंड दिव्याखाली उघडं पडलं तेव्हा मला वाटलं, बाहेरच्या कोणी आत बघू नये.

बाईंनी आईच्या अंगावर शिशाचा जड एप्रन घातला. "घोंगडीवानी हाय की," आई पुटपुटली. फिल्मचा छोटासा तुकडा जिभेखाली धरायला दिला, मशीनची नळी हनुवटीपाशी आणली, आणि दाराबाहेर येऊन बटणांना हात घातला. पुढच्या दाताचं चित्र. मग लहानखुरी आकृती. काचेवरचा आकडा झपकन खाली आला.

मी म्हणाले, "थांबा. त्यांना जास्त आणि आम्हाला कमी?"

"काय कमी?"

"मघाशी आकडा मोठा होता. तो धिप्पाड माणूस दाबला होता. आता हा का?"

"अहो, ते तसं नसतं. प्रत्येकाला वेगळं लागतं."

"हेच ऐकत आलोय आम्ही. प्रत्येकाला वेगळं. रेशनला वेगळं, कचेरीत वेगळं. मशीन एकच आहे ना? मग सगळ्यांना सारखं द्या."

"ताई, त्या तिथं तोंड उघडं ठेवून बसल्यात. मला काम करू द्या."

मी मोबाइल काढला आणि कॅमेरा सुरू केला. हे मला येतं. मागे ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "बराबर हाय पोरीचं. आमी काय माणसं न्हाई?" दुसरी म्हणाली, "आमाला बी मोठंच पायजे." बागायतदार गालावर हात धरून म्हणाले, "अगं दे की बाई तिला बी जास्त, माझ्यातलं दे!" ते चेष्टेत म्हणाले. मला तोही टोमणा वाटला.

डॉक्टरीणबाई कॅमेऱ्याकडे एकदा आणि ओट्याकडे एकदा बघत राहिल्या. मग त्यांनी तावातावाने धिप्पाड आकृती दाबली, दाढेचं चित्र दाबलं, मला म्हणाल्या, "झालं समाधान?" आणि मुख्य बटण दाबलं.

पीं आवाज लांब वाजला. बागायतदारांच्या इतकाच लांब. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला खरोखर ऊर भरून आल्यासारखं झालं. आत माझी आई, तोंडात फिल्म, डोळे मिटलेले.

फिल्म धुवायला एक काळी पेटी होती, दोन्ही बाजूंनी हात घालायच्या बाह्या असलेली. बाईंनी आत हात घालून फिल्म एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात बुडवली, बाहेर काढली, खिडकीशी उजेडात धरली. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. काळी. तव्याच्या बुडासारखी काळी. दाताची जेमतेम सावली, आणि त्याच्याखाली, जिथं काय ते दिसायला हवं होतं, तिथं नुसता अंधार.

"काही दिसत नाही यात," बाई म्हणाल्या.

आई खुर्चीतून वळून त्या फिल्मकडे बघत होती. तिने एप्रन सोडवून घेतला आणि पदर तोंडावर ओढून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मी म्हणाले, "काळी का आली?"

बाईंनी फिल्म माझ्या हातात दिली. आता त्या चिडलेल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "बघा, यात दोन गोष्टी असतात. एक जोर आणि एक वेळ. किरण किती जाड हाडातून पार जाणार, ते जोरावर. एकूण किती किरण निघणार, ते वेळेवर. त्या काकांची दाढ मागची, जबडा जाड, गाल भरलेले. त्यांना जास्त वेळ दिला नाही तर फोटो पांढराफटक येतो. तुमच्या आईचा दात पुढचा, हाड पातळ, अंगात मांस नाही. तेवढेच किरण त्यांना दिले तर सगळे पार जातात आणि फिल्म जळते. मला मुळाच्या टोकाशी हाडाची कड बघायची होती. ती करड्या रंगात असते. हलका करडा, गडद करडा, एवढाच फरक. त्याच्यावरून कळतं की साधा पू आहे की आणखी काही."

"म्हणजे तुम्ही कमी दिलं ते..."

"कमी नव्हतं. त्यांच्या मापाचं होतं." मग खाली बघून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी रागात बटण दाबायला नको होतं. एवढ्याशा किरणांनी त्यांना काही होणार नाही, पण परत काढावा लागेल. विनाकारण एकदा जास्त."

विनाकारण. मी काही बोलायच्या आत पंखा मंदावला आणि थांबला. लाइट गेली. बाई म्हणाल्या, "आता आली की काढू," आणि टॉर्चच्या उजेडात पुढच्या पेशंटचा दात बघायला लागल्या.

बाहेर आले तर ओट्यावर माझं कौतुक चाललेलं. "बरं केलंस बाय," एक म्हातारी म्हणाली. "हितं कुणी बोलत न्हाई. आता आमी बी मोठ्या बटणावरच काढून घेणार." मी मान हलवली. नाही म्हणाले नाही. मघाची फिल्म माझ्या मुठीत होती आणि मी मूठ आवळून ठेवली.

आई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली,

"मेंढरं इकू देऊ नको. तुझा बाप इकायला बघंल."

"आये, काय बोलतीस?"

"काळंच व्हतं ना सगळं? म्या बघितलं. आत काय ऱ्हायलंच न्हाई. खाल्लं समदं."

"आये, तसं नाही. परत काढायचाय."

"परत कशाला? खात्री कराया?" ती हसल्यासारखं करून म्हणाली. "तुझ्या चुलतीचं बी दोनदा काढलं व्हतं."

मी हळू आवाजात, बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं की काळं तुझ्या हाडामुळं नाही आलं, बटण चुकलं म्हणून आलं. तिने माझा हात थोपटला. समजूत घालणाऱ्याची समजूत काढावी तसा.

"मला बरं वाटावं म्हून बोलतीस. बटण चुकलं आसतं तर तू भांडून लावाया लावलं आसतं व्हय? तुला काय कळत न्हाई का? एवढी शिकलीस. माझ्या पोरीचं चुकत न्हाई."

आता सांगा, काय करायचं? तिला मरणाच्या भीतीतून बाहेर काढायचं तर माझं चुकतं हे तिला पटवून द्यायला हवं होतं. आणि हळू बोलून ते तिला पटत नव्हतं. हळू बोलणं म्हणजे लपवणं, एवढं तिला नीट कळतं. मी आयुष्यात जे काय खरं बोलले ते मोठ्याने बोलले, हे तिनेच पाहिलेलं.

पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. त्यात एक मोर्चाचा फोटो छापलेला. आमची पत्रकं छापखान्यात नाही, झेरॉक्सवर निघतात, आणि झेरॉक्सवाल्या भाऊंशी माझी रोज कटकट असते. जुना फिकट कागद असला की गडद कर, फोटो असला की फिकट कर, प्रत्येक कागदाला वेगळं लाव राव, सगळ्याला एकच लावू नको. हे मी, मीच, रोज त्याला सांगते. त्या पत्रकाच्या वेळी त्याने ऐकलं नव्हतं. मी ते बाहेर काढून आईपुढे धरलं.

"यात मी कुठंय, सांग."

आईने कागद लांब धरला, जवळ धरला. "हितं तर नुसती शाई हाय."

"ही मी. ही पुढची. माझ्या तोंडाचं काय झालंय? गाठ आलीय का मला?"

"मेल्यानं झेरॉक्स बिघडावलीय."

"गडद लावली. जेवढी लागते त्यापेक्षा जास्त. तसंच तुझ्या एक्स-रेचं झालं. डॉक्टरीणबाई बरोबर लावत होत्या. मी भांडून जास्त लावायला लावलं." माझा आवाज वाढला होता. वाढवल्याशिवाय निघतच नव्हता. "माझं चुकलं, आये. तुझं हाड काळं नाही. मी काळं केलंय."

मघाची म्हातारी पुढं सरकली, आईच्या हातातून पत्रक घेतलं, बघितलं, शेजारणीला दिलं.

"म्हंजी मगा भांडलीस ते फुकटच?"

"फुकटच."

"आन आमी तुझ्या मागनं उठून हुबं ऱ्हायलो!"

"हो."

"आता काय कराचं मंग? मोठं बटण का बारकं?"

"डॉक्टरीणबाई लावतील ते."

बागायतदार दाढेत कापूस धरून निघाले होते. त्यांनी काहीतरी टोमणा मारावा अशी माझी इच्छा होती. त्यांनी मारला नाही. नुसती चप्पल घातली आणि आईला म्हणाले, "वहिनी, व्हईल बरं. घाबरू नका." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

आई माझ्याकडे बघत होती. तिने विश्वास ठेवला हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. ते खाली आले. आणि त्याच वेळी तिच्या चेहऱ्यावर आणखी एक काहीतरी आलं, जे मला अजून विसरता येत नाही. माझी पोरगी चुकते, हे तिला नव्याने कळलं होतं.

लाइट दुपारी आली. आई पुन्हा त्या शिशाच्या घोंगडीखाली बसली. बाईंनी पेटीवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मी मागे सरले. लहानखुरी आकृती, पुढचा दात. आवाज तोकडा आला, सुरू होतोय तोवर संपला.

या खेपेची फिल्म ओलीच असताना बाईंनी आईलाही दाखवली. करडी होती. धुक्यासारखी, वेगवेगळ्या पदरांची. मुळाच्या टोकाशी एक गोल गडद डाग, वाटाण्याएवढा, आणि त्याच्याभोवती हाडाची स्वच्छ कड.

"ही कड दिसते? शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "मुळाशी पू साठलाय, तो वाट काढून हनुवटीवर येतोय. तुम्हाला ज्याची भीती आहे तसं मला यात काही दिसत नाही. दाताच्या आतली नळी साफ करू. त्यानं फोड सुकायला पाहिजे. नाहीच सुकला, तर पुण्याला तपासायला पाठवीन."

आईने खूप वेळ त्या डागाकडे पाहिलं. मग कोणी न विचारता म्हणाली, "बाई, मगा खोटं बोलले. मिश्री लावती म्या."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आता सोडा."

"बघती," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून: "हिला सांगू नका, ही पत्रक काढंल."

पुढच्या आठवड्यात नळी साफ करायला गेलो. कामाच्या मध्ये एक एक्स-रे घ्यावा लागतो, तेव्हा आई पुन्हा मशीनखाली आणि मी दाराशी. फोड खपली धरायला लागला होता. ओट्यावर बहुतेक बायका नव्या होत्या, पण गोष्ट गावोगाव पोचलेली. अर्धीच पोचलेली, चांगली वाटणारी अर्धी. एकजण मला बघून उठली. "तूच ना गं ती? भांडून सारखा एक्स-रे घेतला ती? आमाला बी घेऊन दे बाय."

मी तोंड उघडलं. नीट सांगायचं ठरवून आले होते, जोर काय, वेळ काय, पातळ हाड काय. पण आतून, तोंडात फिल्म घ्यायच्या आधी, आईचा आवाज आला. पदर तोंडावर नव्हता.

"तिचं काय ऐकतीस गं! माझे दोन फोटू काढाया लावले तिनं. येक दाताचा आन येक भांडणाचा. भांडणाचा लई काळा आला."

ओटा हसला, डॉक्टरीणबाईही हातात फिल्म धरून हसल्या. मी खाली मान घालून चपलांच्या रांगेकडे बघत राहिले, आणि आईने तोंड उघडलं.